बर्फाच्या वादळात ड्युटीवर पोहोचायचं कसं? नागपूरहून निघालेल्या सिस्टरला उत्तर

प्रश्न नंदनवनच्या एका सिस्टरचा आहे. नागपुरातल्याच एका खासगी रुग्णालयात आयसीयूला काम करते, अमेरिकेची परीक्षा पास झाली आणि आता न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, लेक एरीच्या काठी नोकरी पक्की झाली आहे. जानेवारीत रुजू व्हायचंय. तिनं तीन गोष्टी विचारल्यात. वादळानं रस्ते बंद झाले की तिकडच्या नर्सेस कामावर पोहोचतात कशा? नाही पोहोचलं तर लायसन्स जातं, हे खरं का? आणि आपल्याला फक्त ॲक्टिवा चालवता येते, तेवढ्यावर निभेल का? मी नागपुरात जीएनएम केलं, पुढे बरीच वर्षं त्याच तळ्याच्या काठावरच्या एका रुग्णालयात मेडिसिन आणि आयसीयूत काढली, आता परत येऊन मुलींची तयारी करून घेते. म्हणून हे सविस्तर.

मधला प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानंच उडालेली दिसते. घरातून निघताच आलं नाही म्हणून नर्सिंगचं लायसन्स जात नाही. नर्सिंग बोर्ड ज्याला पेशंट वाऱ्यावर सोडणं म्हणतं, ते सहसा ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा, घेतल्यानंतरच घडतं. पेशंट तुझ्या ताब्यात आले, आणि दुसऱ्या कुणाला ओव्हर न देता तू निघून गेलीस, तर ते प्रकरण लायसन्सपर्यंत जातं. म्हणजे वादळाच्या रात्री पुढच्या पाळीची रिलीव्हर आली नाही, तू कंटाळलीस आणि पर्स उचलून निघालीस, तर ते घरी अडकून पडण्यापेक्षा कितीतरी भारी पडेल. न येणं हा मालकाचा मामला आहे. तिथे तुझ्याविरुद्ध गैरहजेरीचे गुण मोजतात, पगार कापतात, फारच झालं तर नोकरीवर येतं. ही दोन खाती वेगळी आहेत. काही एजंट ती मुद्दाम एकत्र करून मुलींना घाबरवतात, म्हणजे कराराबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

आता पोहोचण्याचं. तुझ्या डोळ्यांसमोर बहुतेक गुडघाभर बर्फातून वाट काढत निघालेली नर्स असेल. बातम्यांत तीच दाखवतात. खरं सांगू? वादळाच्या सकाळी जाणती नर्स रस्त्यावर नसतेच. ती आदल्या संध्याकाळीच रुग्णालयात शिरलेली असते. वादळातली ड्युटी ही पोहोचण्याची कमी आणि राहण्याची जास्त असते, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

पद्धत साधारण अशी असते. हवामान खातं दोन-तीन दिवस आधी सूचना देतं आणि मग तिचं रूपांतर पक्क्या इशाऱ्यात होतं. इशारा पक्का झाला की नर्सिंग ऑफिसातून निरोप येतो: उद्या-परवा ज्यांची ड्युटी आहे त्यांनी आज रात्रीपर्यंत आत या. मग आलेल्यांच्या दोन तुकड्या पाडतात. एक बारा तास काम करते, तोवर दुसरी झोपते. झोपायला डे-सर्जरीचे रिकामे बेड, फिजिओथेरपीच्या गाद्या, वेटिंग रूममधल्या आरामखुर्च्या, जे मिळेल ते. पहिल्या रात्री सहलीला आल्यासारखं वाटतं. तिसऱ्या रात्री एकाच शॉवरसाठी आठ जणी उभ्या असतात, कुणाचं घोरणं कुणाला सहन होत नाही आणि चार्जरवरून भांडणं लागतात. मेट्रनपेक्षा त्या वेळी चांगली चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख सिस्टर, लागते, जी झोपेची पाळी औषधाच्या पाळीइतकीच काटेकोर लावते.

बॅग नोव्हेंबरातच भरून ठेव आणि मार्चपर्यंत रिकामी करू नकोस. माझ्या युनिटमधली एक फिलिपिनो सिस्टर ती कायम गाडीच्या डिकीत ठेवायची, आम्ही बाकीच्या तिच्याकडूनच शिकलो. तीन दिवसांचे स्क्रब्ज, म्हणजे ड्युटीचे कपडे, आणि आतले कपडे, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी, स्लिपर, लांब वायरचा चार्जर. स्वतःची औषधं सगळ्यांत आधी. वॉर्ड भरून औषधं समोर असतात, पण त्यातली थायरॉईडची एक गोळीसुद्धा तुला स्वतःसाठी उचलता येत नाही. खायला काहीतरी आपलं असू दे. कॅन्टीनचा माल घेऊन येणारा ट्रकही त्याच बर्फात अडकलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे ब्रेड आणि सूप एवढंच उरतं. मेतकूट, चिवडा, झटपट भाताची पाकिटं यांच्यावर मी कितीतरी अमेरिकन मैत्रिणी कमावल्या.

हे फारच परकं वाटत असेल तर २३ सप्टेंबर २०२३ची पहाट आठव. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक माळ्यावर चढले, मोरभवनच्या बसेस पाण्यात उभ्या होत्या. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. त्या शनिवारी माझ्या ओळखीच्या नाईटच्या मुली दुपारपर्यंत वॉर्डातच होत्या, कारण मॉर्निंगच्या सिस्टर निघणार कुठून? पण त्या पाण्यात आणि तिकडच्या बर्फात मोठा फरक आहे. पाणी न सांगता आलं आणि ओसरून गेलं. बर्फ सांगून येतो आणि जात नाही. तो उचलून न्यावा लागतो, आणि तोवर गल्लीतली गाडी गल्लीतच राहते. म्हणून तिकडे तयारीला वेळ मिळतो आणि चुकलेल्या वेळेची किंमतही जास्त असते.

तुझ्या गावाची आणखी एक खोड समजून घे. तळ्याच्या तुलनेनं कोमट पाण्यावरून थंडगार वारा येतो, वाफ उचलतो आणि काठावर बर्फ ओततो, तोही अरुंद पट्ट्यात. आपल्याकडे सदरला धो-धो कोसळत असतं आणि मानेवाड्यात रस्ता कोरडा असतो, अगदी तसंच. नोव्हेंबर २०१४मध्ये बफेलोच्या, म्हणजे तुझ्या भागातल्या मोठ्या शहराच्या, दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच-सात फूट बर्फ पडला आणि उत्तरेकडे काही इंचच. त्यामुळे खिडकीतून आभाळ निरभ्र दिसतंय म्हणून निघायचं नाही; घर ते रुग्णालय या सगळ्या रस्त्याचा अंदाज बघायचा. जानेवारी-फेब्रुवारीत तळं गोठलं की हा प्रकार कमी होतो, असं तुला तिकडे कुणीतरी सांगेलच. बरोबर आहे. पण २८ जानेवारी १९७७चं बफेलोचं प्रसिद्ध वादळ गोठलेल्या तळ्यावरूनच आलं होतं. नवा बर्फ फार पडला नाही, तळ्यावर साठलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्यानं उचलून शहरावर आणून टाकला.

म्हणजे खरा शत्रू बर्फ नव्हे, वारा. अमेरिकेचं हवामान खातं ब्लिझर्ड म्हणतं ते ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त वेगाचा वारा आणि ४०० मीटरच्या आतली दृश्यता तीन तास टिकली तरच. तीव्र झालं की बोनेटसुद्धा दिसत नाही. वर-खाली सगळं पांढरं. अशा वेळी गाडी चालवता येण्या-न येण्याला काही अर्थच उरत नाही.

डिसेंबर २०२२ची गोष्ट तुला माहीत असलीच पाहिजे, कारण तू त्याच भागात चालली आहेस. इशारे कित्येक दिवस आधीपासून होते. वादळ शुक्रवारी, २३ डिसेंबरला सकाळी आदळलं आणि एरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, गाड्यांवर बंदी लागू झाली साडेनऊला. तोवर सकाळच्या पाळीचे लोक घराबाहेर पडलेले होते. नंतर यावर बरीच टीका झाली. बफेलोच्या विमानतळावर पाच दिवसांत चार फुटांच्या वर बर्फ मोजला गेला, ब्लिझर्डची स्थिती दीड दिवस हटली नाही, चाळीसहून जास्त माणसं गेली. अग्निशमनाच्या गाड्या, ॲम्ब्युलन्स, रस्ता साफ करणारी यंत्रं, सगळं अडकलं. यातून मी मुलींना दोनच गोष्टी सांगते. सरकारी बंदीची वाट बघत बसू नकोस, तुझा निर्णय त्याच्या आधी व्हायला हवा. आणि 'अडकले तर कुणीतरी सोडवायला येईल' हा हिशेबात धरू नकोस.

त्या वादळात एक तरुण नर्सिंग असिस्टंट गेली. कामावर जाताना नव्हे, काम संपवून घरी जाताना. गाडी बर्फात रुतली आणि मदत पोहोचली नाही. ड्युटीवर कसं पोहोचायचं हे सगळे विचारतात, परत कसं यायचं हे कुणी विचारत नाही. मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते. जाताना तू झोपून उठलेली असतेस, अंदाज बघून निघालेली असतेस. येताना बारा-सोळा तास उभी राहून आलेली असतेस, चादरीची ओढ लागलेली असते, आणि आत असताना बाहेर काय झालंय ते पाहिलेलं नसतं. नाईट संपवून सकाळी निघायच्या आधी दारापर्यंत जाऊन वारा बघ, सिक्युरिटीवाल्याला रस्ता विचार. तो सगळ्यांना येताना बघत असतो, त्याच्याइतकी खरी बातमी ॲपवरही नसते. शंका आली तर आतच झोप.

गाडी रुतलीच, तर ती सोडून चालायला लागू नकोस. वादळात पन्नास पावलांवरचं घर सापडत नाही. आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं कर, नाहीतर धूर आत येतो आणि कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. मग तासाला दहा मिनिटं इंजिन चालू, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली, पुन्हा बंद. सायलेन्सर परत परत बघायचा. टाकी नेहमी अर्ध्याच्या वर असली तरच हे जमतं. फावडं, ब्लँकेट, टॉर्च, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी हे सगळं डिकीत न ठेवता मागच्या सीटवर ठेव, कारण डिकी गोठून बसते.

ॲक्टिवाबद्दल: नाही, निभणार नाही. पण घाबरूही नकोस. इथे दोन महिने कारचा क्लास लाव, म्हणजे स्टिअरिंगची भीती जाईल. तिकडे गाड्या ऑटोमॅटिक असतात आणि रस्त्याची उजवी बाजू धरायची, ते पुन्हा शिकावंच लागेल. पहिल्या हिवाळ्यात वादळात गाडी चालवायचीच नाही, असा नियम करून टाक. त्याऐवजी पैसा घरावर घाल. रुग्णालयापासून चालत पाच-दहा मिनिटांवर, भाडं थोडं जास्त पडलं तरी. एजंट दाखवतो ते स्वस्त घर बहुतेक वेळा पंधरा-वीस किलोमीटर लांब उपनगरात असतं, बरोब्बर त्या जास्त बर्फाच्या पट्ट्यात. जवळचं घर वादळाच्या ऐन भरात उपयोगी नाही, तेव्हा तेवढंही चालायचं नाही; पण वादळाच्या आधी आणि नंतर, वर्षातल्या बाकी सगळ्या घाणेरड्या सकाळी, ते सोन्यासारखं असतं.

गाडी घेशील तेव्हा हिवाळी टायर घे. सात अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. दुकानदार चारही चाकं फिरवणारी गाडी गळ्यात मारेल, ती निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक मारल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच घसरतात. रस्त्यावर मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस, उणे नऊच्या आसपास साध्या मिठाचा जोर ओसरतो. पूल आधी गोठतो, कारण त्याला खालूनही थंडी लागते. काळा, ओला दिसणारा रस्ता ओलाच असेल असं नाही, तो काचेसारखा बर्फही असू शकतो. आणि बर्फ ढकलणाऱ्या मोठ्या गाडीला कधीही ओलांडून जाऊ नकोस, त्या रस्त्यावर सगळ्यांत चांगली जागा तिच्या बरीच मागे असते.

कपड्यांचं इथून काही नेऊ नकोस. हिवाळ्यात इथे भरणाऱ्या तिबेटी बाजारातले स्वेटर नागपूरच्या थंडीला ठीक आहेत. आपण २९ डिसेंबर २०१८ला ३.५ अंश पाहिले आणि शहर शेकोटीला बसलं. तिकडे उणे वीस आणि ताशी तीस किलोमीटर वारा असला तर अंगाला ते उणे तेहतीससारखं लागतं, आणि उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. आपण कापसाच्या मुलखातल्या, पण तिकडे अंगालगत सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो आणि ओल्या सुतासारखं अंग गार करणारं काही नाही. आत लोकर किंवा पॉलिस्टर, वर वारा अडवणारा कोट, पायात खरे हिवाळी बूट. कामाचे बूट पिशवीत. बोटांचे हातमोजे दिसायला छान, पण चारही बोटं एकत्र राहतात ते जास्त ऊबदार. आणि हे फक्त नर्सला लागणारं: दिवसभर हात धुऊन, सॅनिटायझर चोळून कातडी आधीच कोरडी असते, त्यात ओले हात घेऊन बाहेर पडलीस की बोटांच्या पेरांना चिरा पडतात. त्या चिरांवर पुन्हा सॅनिटायझर लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. निघायच्या आधी हात पूर्ण कोरडे, मग व्हॅसलीन, मग हातमोजे.

आत वॉर्डात काय चालतं तेही सांगते, म्हणजे राहायचं कशासाठी ते कळेल. रिलीव्हर कमी येतात आणि पेशंट मात्र वाढतात. फावड्यानं बर्फ उपसताना छातीत दुखू लागलेले पन्नाशीचे पुरुष, घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या आजीबाई, बंद घरात जनरेटर लावून कार्बन मोनॉक्साईडनं गुंगलेलं अख्खं कुटुंब. डायलिसिस चुकलेले पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटॅशियम वाढवून येतात. वीज गेली की घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेले लोक येतात. आणि ज्यांना डिस्चार्ज मिळालाय तेही घरी जाऊ शकत नाहीत, म्हणून बेड रिकामा होत नाही. तुझ्यासारखी आयसीयूची मुलगी अशा वेळी कुठेही ओढली जाईल, त्यासाठी मनाची तयारी ठेव.

आणायला गाड्या येतात का? येतात, पण जिथे पोहोचू शकतात तिथेच. पोलीस, नॅशनल गार्ड, मोठ्या फोर-बाय-फोर गाड्यांचे स्वयंसेवक, कधी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर. नर्सिंग ऑफिसात त्याची यादी असते, पहिल्याच आठवड्यात नाव आणि पत्ता तिच्यात घाल. ज्या मैत्रिणी इंग्लंडला चालल्यात त्यांच्यासाठी: २०१८च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या थंडीच्या लाटेत तिथे काही भागांत लष्कराच्या गाड्यांनी रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची ने-आण केली, आणि बऱ्याच नर्स कित्येक किलोमीटर चालत गेल्या. कॅनडाच्या सेंट जॉन्समध्ये १७ जानेवारी २०२०ला एका दिवसात ७६ सेंटिमीटर बर्फ पडला, शहरात आठ दिवस आणीबाणी होती आणि सैन्य घरांपुढचा बर्फ उपसत होतं. मदत येते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिला दिवस आत असलेल्यांनीच काढायचा असतो.

पैशाचं आणि नियमाचं सहीच्या आधी विचारून घे. न्यूयॉर्क राज्यात २००९पासून नर्सला जबरदस्तीनं ओव्हरटाईम करायला लावण्यावर कायद्यानं बंधन आहे, पण नैसर्गिक आपत्तीचा अपवाद त्याच कायद्यात आहे, आणि वादळ त्यात बसतं. म्हणून 'मला थांबवू शकत नाहीत' असं म्हणत वाद घालू नकोस. विचारायचं ते हे: वादळात आत झोपलेल्या तासांचा पगार मिळतो का, की फक्त काम केलेल्या तासांचा? जेवण कुणाचं? रस्त्यांवर सरकारी बंदी असताना न आल्यास गैरहजेरीचा गुण लागतो का? तो दिवस सुट्टीतून कापतात का? बंदीच्या काळात बाहेर पडायला ओळखपत्र पुरतं की वेगळं पत्र लागतं? उत्तरं ई-मेलवर माग. फोनवर गोड बोलणारी रिक्रूटर सहा महिन्यांनी त्या नोकरीवर नसते. एका एजन्सीनं माझ्या ओळखीच्या मुलीला वादळाचे दोन दिवस 'गैरहजर' दाखवून तिच्या कराराची मुदत तेवढी पुढे ढकलली होती. तिच्याकडे लेखी काहीच नव्हतं.

शेवटचं घरच्यांबद्दल, कारण अशा रात्री सगळ्यांत जास्त फोन तिथूनच येतात. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. तुझी सकाळी सातची ओव्हर चालू असेल तेव्हा नंदनवनात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, टीव्हीवर अमेरिकेतलं वादळ दाखवत असतील आणि आई तुला फोन लावत असेल. बाहेरचे टॉवर बंद पडू शकतात, पण रुग्णालयाचं वाय-फाय आणि लँडलाईन सहसा चालू राहतात. युनिटचा नंबर आईकडे आधीच देऊन ठेव, आणि आत शिरल्याबरोबर एक मेसेज टाक: आत आहे, जेवले, परवा निघेन. 'परवा' म्हण, 'उद्या' म्हणू नकोस.